अंगठीखालचा वळ

उलप्पा साहेब म्हणायचे त्याला सगळे.
खरं नाव ओलुफ, पुढचं आडनाव
कारकुनाला कधी एका ओळीत बसवता आलं नाही.
हरिपूरच्या घाटावर आला तेव्हा
दोन पेट्या, एक छत्री, आणि अंगावर
आमच्या उन्हाला न शोभणारा लोकरी कोट.
मी नावाडी. पैलतीराचे दोन आणे.
तो नदी बघेना, माझे खांदे बघत बसला,
बाजारात बैल बघावा तसा.

चौथ्या दिवशी राजवाड्यातून बोलावणं.

सरकार तीन सकाळी बसले. तेवढ्यात तोंड झालं,
मिशा झाल्या, भुवईवरचा मस
दिवाणांच्या सल्ल्याने राहून गेला.
मग सरकार निघाले महाबळेश्वरला,
आणि गळ्याखालचे सरकार म्हणून
खुर्चीवर मला बसवलं.

जरीचा अंगरखा. कमरेला नुसतं म्यान,
आत तलवार नाही.
मोत्यांचा कंठा खजिनदार सकाळी मोजून घालायचा,
संध्याकाळी मोजून काढायचा,
मधल्या वेळात दाराशी बसून
माझ्या गळ्याकडे बघत सुपारी कातरायचा.
दीड महिना असं राज्य केलं मी.
कृष्णेला पाणी चढलं, भावाने एकट्याने
नाव ओढून वर बांधली,
खिडकीतून दिसत होतं सगळं.
हललो नाही.

शेल्याला पिवळा हवा होता.
त्याची नळी संपलेली, नवी बोटीने येणार,
कधी ते बोटीलाच ठाऊक.
म्हटलं, साहेब, इथं जमिनीच्या पोटात
पेवंच्या पेवं भरून हळद आहे,
पण हळद उन्हात उडते. बायकांना विचारा.
तो हसला. तेलात घोटली.
शेला असा पेटला
की दिवाण दोन पावलं मागे सरले.

हात मात्र त्याने माझे काढले, होते तसे.
अंगठ्याशी वल्ह्याचा घट्टा,
मधल्या बोटावर दोराचा काळा वळ.
सरकार परतले, बघितलं,
स्वतःचे हात अस्तनीत ओढून घेतले.
"हे कुणाचे?"
कुणी बोलेना.
एका रात्रीत त्या बोटावर अंगठी आली,
माणकाची, बोराएवढी.
असली अंगठी खजिन्यात नव्हतीच.
खजिनदार बिचारा आठ दिवस
वही पुढून मागे चाळत होता.

राणीसाहेब पडद्यात. त्यांच्या चित्रासाठी
उलप्पाला मिळाली एक बांगडी, एक चढाव,
आणि बघायला त्यांचे थोरले बंधू.
हुबेहूब, म्हणाले सगळे.
राणीसाहेब काय म्हणाल्या
ते पडद्याबाहेर आलं नाही.

अकरा वर्षं बिदागी अर्धी हातात,
अर्धी पुढल्या दसऱ्याला.
मग संस्थानं विरली. दसरे येत राहिले.
त्याने नाटक कंपनीचे पडदे रंगवले,
महाल, अरण्य, कैलास,
नंतर हळदीच्या पेढ्यांच्या पाट्या.
एकदा विचारलं, मुलखाला का जात नाही?
म्हणाला, तिथं राजा आहे अजून,
पण त्याच्या दाराशी चित्रकार फार.

मिरजेच्या दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी
पेटीचं झाकण उचकटून माझ्या हातात दिलं.
आतल्या बाजूला मी.
नुसतं तोंड, गळ्याखाली कोरं लाकूड.
म्हटलं, बाकीचा कुठाय?
"दरबारात आहेस की.
एक माणूस दोनदा कशाला काढू?"

परवा नातवाने संग्रहालयात नेलं.
पाटीवर सरकारांच्या पदव्या चार ओळी,
खाली, चित्रकार अज्ञात, युरोपीय.
शेला पांढराफटक.
दुखवट्याला निघाल्यासारखे दिसत होते सरकार.
मी सांगितलं होतं त्याला.
अंगठी मात्र लालच्या लाल.
नातवाला म्हटलं, त्या खड्याखाली बघ.
तो म्हणाला, खड्याखाली काय दिसणार आजोबा?

तेवढ्यात पहारेकरी ओरडला,
"बाबा, दोर धरू नका."
मी दोरावरचा हात काढला.